पुंडलिकला बोलवा

सदाशिवराव सेलूकरांच्या घरात कुणाला काही विचारावं लागत नसे. औरंगपुऱ्यातल्या त्या दोन खोल्यांत पंख्याचं बटण गोल होतं, दिव्याचं चौकोनी, आणि न्हाणीघराचं तिकोनी. अंधारात नुसतं बोट फिरवलं तरी कळावं. साखरेच्या डब्याच्या झाकणाला दोरीची गाठ होती, मिठाच्या डब्याला नव्हती. नळाला लाकडी मूठ बसवलेली होती आणि ती कुठल्या बाजूला फिरवायची ते तिच्या आकारावरूनच समजे. परक्या माणसानं पहिल्यांदा पाऊल टाकलं तरी त्याला ‘अहो, हे कुठंय?’ म्हणायची वेळ येऊ नये, इतकी चोख व्यवस्था. फक्त ते परकं माणूस काही येत नव्हतं. शैलाताई वारल्यापासून तर आपलं माणूसही येईनासं झालं होतं.

चिकलठाण्याच्या एका कंपनीत सदाशिवराव ड्रॉइंग ऑफिसचे प्रमुख होते. कंपनी विहिरीवरच्या मोटारींचे स्टार्टर बनवी. स्टार्टर म्हणजे भिंतीवर ठोकलेली लोखंडी पेटी. हिरवं बटण दाबलं की मोटार चालू, लाल दाबलं की बंद. ती पेटी कशी दिसावी, बटण केवढं असावं, कुठं असावं हे ठरवणं हे त्यांचं काम. आज अशा माणसाला डिझायनर म्हणतात आणि तो चार लोकांत रुबाबानं बोलतो. तेव्हा त्यांना नुसतं ‘ड्रॉइंगवाले सेलूकर’ म्हणत, आणि ते बोलत तर नसतच.

बोलत नसत, कारण बोलता येत नसे. लहानपणापासून जीभ अडखळायची. त्यातही ‘प’ हे अक्षर त्यांचा जन्माचा वैरी. शाळकरी वयात एकदा ते पैठणला मामाकडे निघाले. स्टँडवर कंडक्टरला ‘पैठणची गाडी कुठली?’ एवढं विचारायचं होतं. ‘प’ ओठांवर अडकला, मागच्या बायका हसल्या, आणि हा पोरगा समोर दिसेल त्या गाडीत चढला तो थेट जालन्याला जाऊन उतरला. तिथून परत यायचं तर पुन्हा विचारणं आलं. जालन्याच्या स्टँडवर उपाशीपोटी बसून त्यानं जे ठरवलं ते पुढं जन्मभर धरून ठेवलं. ड्रॉइंग ऑफिसमधल्या नव्या पोरांना ते एवढंच सांगत, तेही थांबत थांबत: “वस्तूनं माणसाला कुणाच्या तोंडाकडे बघायला लावू नये.”

ह्या एका वाक्यावर त्यांची सगळी कारकीर्द उभी होती. बाकीचे लोक टेबलाशी बसून पेटी काढत. सदाशिवराव आधी शेतावर जात, माणसाचा हात बघत, मग कागदाला हात लावत. हात ओला आहे का, पायात वहाण आहे का, बाई असेल तर डोक्यावरचा पदर सावरता सावरता कुठल्या हातानं बटण दाबते. आता हे सगळं बघायला कंपनीत कुणी सांगितलं नव्हतं. पण त्या वर्षांत कारखाने वाढत होते, चिकलठाण्यात शेडला शेड लागत होती, वाळूजच्या माळावर नव्या कंपन्यांचे खांब उभे राहत होते, आणि धंद्याच्या त्या गर्दीत एक मुका माणूस शेतावर जाऊन काय करतो हे बघायला कुणाला सवड नव्हती.

शैलाताईंशी मात्र ते बोलायचे. त्यांच्यापुढं ‘प’ सुद्धा गुमान बाहेर यायचा. दोघांत एकच भांडण होतं, आणि ते विरजणावरून. शैलाताई संध्याकाळी वाटी घेऊन जिन्यापलीकडच्या अनसूयाबाईंकडे विरजण मागायला जायच्या. घरात दही असताना! सदाशिवरावांना हे काही केल्या पटायचं नाही. “अगं, आहे ना घरात दही!” ते म्हणायचे. “त्यांचं घट्ट लागतं हो,” शैलाताई म्हणायच्या आणि चमचाभर विरजण घेऊन यायला त्यांना तासभर लागायचा. शेवटी सदाशिवरावांनी युक्ती केली. कुंभाराकडून आत कप्पा असलेलं एक गाडगं करून घेतलं. दही संपलं तरी कप्प्यात उद्यापुरतं विरजण आपोआप उरायचं. शैलाताईंनी गाडगं फिरवून फिरवून पाहिलं, “छान केलंय,” म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा वाटी घेऊन बाहेर पडल्या.

त्या वारल्यावर अनसूयाबाईंनी काही दिवस डबा पाठवला. सदाशिवरावांनी डबे लख्ख घासून, कडीला अडकवून, पुन्हा तसदी घेऊ नका असं खुणेनंच सांगून परत केले. कप्प्याच्या गाडग्यातलं दही आजतागायत बिघडलेलं नव्हतं.

तर ते असो. गोष्ट आहे पुतळाबाईच्या विहिरीची.

बद्रीनाथ हा कंपनीचा दुरुस्तीवाला मेकॅनिक. छावणीत वाढलेला, त्यामुळं मराठी-हिंदीची भेळ करून अखंड बोलणारा. त्याच्या राजदूत मोटारसायकलच्या मागं बसून सदाशिवराव गावोगाव हिंडायचे. बोलायचं काम तो करायचा, बघायचं काम हे. हिवाळ्यात एकदा तो त्यांना देवगाव रंगारीच्या पुढं, आत, एका वस्तीवर घेऊन गेला. तिथं पुतळाबाई नावाची म्हातारी एकटी राहत होती. मेंढरांमागं हिंडणाऱ्या घरातली. नवरा कडूबा वारला, मेंढरं गेली, लेक मुंजाबा वाळूजला कंपनीत लागून तिकडंच राहिला. उरली ती विहीर, थोडा गहू, एक म्हैस, आणि शेजारच्या शेतातला दीर, आप्पा. दोन्ही शेतांच्या मधला बांध नावाला होता. पुतळाबाईच्या विहिरीचं पाणी आप्पाच्या गव्हालाही जायचं.

“आमचे साब बघणार आहेत, तू मोटार कशी चालू करती ते,” बद्रीनाथनं सांगितलं.

“मी कुठं करते?” पुतळाबाई म्हणाली. “मला एकदा झटका बसला. तवापास्नं मी त्या पेटीला शिवत नाय. सारखी बिघडती बी.” आणि ओढ्याकडं तोंड करून तिनं हाक घातली, “पुंडलिकाऽऽ! आरं, मोटार!”

ओढ्यापलीकडच्या वस्तीतून एक तिशीतला माणूस आला. त्यानं वाळक्या काठीनं पेटीचं झाकण उघडलं, बटण दाबलं, आणि वीज गेली-आली तरी मोटार आपली आपण सुरू व्हावी म्हणून बटणाच्या फटीत चिपाडाचा तुकडा खोचला. सदाशिवरावांचे डोळे चमकले. ते चिपाड म्हणजे त्यांच्या दृष्टीनं खजिनाच होता. माणसाला काय हवंय ते त्या चिपाडानं सांगून टाकलं होतं.

काम झालं, पण पुंडलिक गेला नाही. लिंबाखाली बसला. त्यानं खिशातून एक पत्र्याची डबी काढून पुतळाबाईपुढं ठेवली. डबीत मिसरी होती, दाताला लावायची, घरी भाजलेली. पुतळाबाईनं तिथंच चिमूट घेतली आणि आतून ताकाचा तांब्या आणून त्याच्याजवळ ठेवला. मग दोघं बोलत बसली. कुणाची गाय व्याली, कुणाला सून आली, म्हातारीचा गुडघा कसा आहे. ऊन लिंबाच्या एका अंगावरून दुसऱ्या अंगाला आलं तरी बोलणं चालूच.

“तू इथलाच का रे?” बद्रीनाथनं मधेच विचारलं.

“पल्याडचा. आयटीआय केलंय, वायरमनचं. आदी गावात सगळीकडं मलाच बोलवायचे. आता फकस्त मावशी बोलवती.”

“कामून?”

पुंडलिकनं गवताची काडी मोडली. “नामांतराच्या मोर्च्याला गेलतो. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्या म्हणलो, एवढंच. तवाच्या दंगलीपास्नं गावानं आमच्या वस्तीशी बोलणं सोडलं. गिरणीत दळण घेत नाय, कामाला सांगत नाय. दंगल थांबली, तोंडं काय सुटली नायत.”

पुतळाबाई खाली बघत होती. “ह्याची आय, मालनबाई, आन् मी. आमी दोघी एकाच आठवड्यात बाळंत झालो. तिला दूध नव्हतं तर ह्याला मी पाजलंय,” ती म्हणाली.

सदाशिवरावांनी हे ऐकलं. वाईटही वाटलं. औरंगाबादेत भिंतीभिंतीवर तेच होतं. एकानं लिहायचं नामांतर झालंच पाहिजे, दुसऱ्यानं त्यावर चुना फासून होऊ देणार नाही लिहायचं. ठराव होऊन आठ वर्षं झाली तरी विद्यापीठाला नाव लागलेलं नव्हतं. गल्लीतल्या ओट्यावर त्यावरून आवाज चढले की सदाशिवराव मान खाली घालून जिना चढायचे. कुणाच्या बाजूनं बोलायचं म्हटलं तरी आधी बोलता यायला हवं ना, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली होती. त्या दिवशीही त्यांनी तेच केलं. जे ऐकलं ते स्टार्टरच्या कामाचं नाही म्हणून बाजूला ठेवलं, आणि परतताना राजदूतवर मागं बसून मनाशी हिशेब मांडला: एक बटण दाबायला एका माणसाची अर्धी सकाळ जाते. केवढा हा अपव्यय! ह्या म्हातारीला कुणाच्या तोंडाकडे बघावं लागता कामा नये.

पुढचे कित्येक महिने ते त्या पेटीनं झपाटलेले होते. लोखंड काढून टाकलं, शॉक लागणारच नाही अशी बॅकेलाइटच्या कडक प्लास्टिकची पेटी केली. हिरव्या बटणाच्या जागी मुठीत मावेल असा उंचवटा, लालच्या जागी खळगा. न बघता, न वाचता, नुसत्या तळहाताला समजावं. वीज गेली आणि परत आली की मोटार थोडा वेळ थांबून आपली आपण सुरू होणार. चिपाडाचं काम संपलं. मुठीखालची स्प्रिंग तर त्यांनी अशी निवडली की म्हातारीच्या हातालाही जड जाऊ नये. ड्रॉइंग ऑफिसमधली पोरं मागून हसायची की साहेब स्प्रिंगशी बोलतात. खरं म्हणजे ते मनातल्या मनात शैलाताईंना दाखवत असत. बघ, हे कसं झालंय.

दसऱ्याच्या सुमारास चाचणीसाठी काही विहिरींवर नव्या पेट्या बसल्या, आणि पहिली बसली ती पुतळाबाईकडे. आप्पाही बघायला आला होता. पुतळाबाईनं भीत भीत तळहात ठेवला, दाबला, आणि पाटात पाणी आलं. बद्रीनाथनं टाळ्या वाजवल्या. पुतळाबाईनं पाण्याकडं पाहिलं आणि मग मान वळवून ओढ्याकडं. सदाशिवरावांना ते दिसलं होतं. त्यांना वाटलं, एवढं सोपं झालं ह्याचं तिला नवल वाटतंय.

चाचणीवर सगळं अवलंबून होतं. संक्रांतीनंतर मालकांसमोर बैठक होती. पेट्या चांगल्या चालल्या तर कंपनी त्याच बनवणार, नाहीतर मुंबईहून आणलेलं कसलं तरी चकचकीत, बारीक बटणांचं मॉडेल घेणार. सदाशिवरावांना आयुष्यात दुसरं काही मिळवायचं उरलेलं नव्हतं. हा स्टार्टर गावोगावच्या भिंतींवर लागावा, आपण नसलो तरी आपला हात लोकांच्या हाताखाली असावा, एवढीच इच्छा होती. संक्रांतीच्या तोंडावर ते आणि बद्रीनाथ पेट्या बघत निघाले. सगळीकडून कौतुक. पुतळाबाईकडून तर एकदाही तक्रार नाही.

“साब, ये माई का तो एक नंबर है,” बद्रीनाथ गाडी लावता लावता म्हणाला. “हिचंच नाव पुढं करा बैठकीत.”

आप्पा विहिरीपाशीच उभा होता. गहू ओंबीवर आलेला, अंगावर नवं धोतर. स्वारी खुशीत होती. “लई झ्याक काम केलं साहेब तुमी,” तो म्हणाला. “नाय तर ज्याला बांधावर उभं करू नये त्याला बोलवावं लागत होतं. आमची वयनी म्हणायची, मोटारीचं काम हाय, येऊ द्या. मला बी त्या जुन्या पेटीचं भ्या, म्हून पाण्यापायी गप बसायचो. आता कुणाची गरज ऱ्हायली नाय.” आणि तो बद्रीनाथला आपला गहू दाखवायला पलीकडं घेऊन गेला.

पुतळाबाई लिंबाखाली बसली होती. वाळली होती. सदाशिवराव जवळ गेले तशी ती उठली आणि हात जोडून म्हणाली, “साहेब, एक मागू? हे परत न्या. माझं जुनं मला द्या.”

सदाशिवरावांच्या काळजात कळ उठली. असला अपमान मालकांनीही कधी केला नव्हता. “ज-जड जातं का?” त्यांनी विचारलं.

“नाय.”

“झ-झटका?”

“नाय वो. लई सोपं हाय. लेकरानं बी करावं असं हाय.” तिनं कनवटीची पत्र्याची डबी काढली, उघडली आणि त्यांच्यापुढं धरली. डबी रिकामी होती. कडेला जुन्या मिसरीचा काळा डाग तेवढा राहिला होता. “पुंडलिक आला नाय दसऱ्यापास्नं. त्याला बोलवायचं कशापायी? मोटार तर मलाच येती. आप्पा म्हणतो, आता त्याचं काय काम? मालनबाई जित्ती हाय का मेली मला ठावं नाय. ओढा काय लांब हाय का साहेब? हितनं हाक जाती. पन काम नसताना कशी हाक मारू? मला नाय धीर. मी एकटी बाई, आप्पाच्या वळचणीला ऱ्हाते.” ती डोळ्याला पदर लावत नव्हती, पाणी तसंच खाली येत होतं. “ती मोटार बिघडायची म्हणून मानसं येत होती माझ्याकडं.”

सदाशिवराव लिंबाला टेकून उभे राहिले. त्यांनी ह्या बाईचा हात पाहिला होता, पाय पाहिला होता, पदर कुठल्या खांद्यावर असतो तेही पाहिलं होतं. आणि लिंबाखालचं ते बसणं, ती डबी, तो तांब्या, हे सगळं डोळ्यांसमोर घडत असताना त्यांनी ते अपव्ययाच्या खात्यात टाकलं होतं. ज्याला ते अडचण समजले ती तर ह्या बाईची एकमेव वाट होती. ती वाट त्यांनी स्वतःच्या हातानं, महिनोन्महिने राबून, अगदी सफाईनं बंद केली होती. त्यांना शैलाताईंची आठवण आली. वाटी घेऊन जिन्याकडं निघालेली पाठ. 

पलीकडून आप्पाचा आणि बद्रीनाथचा आवाज जवळ येत होता.

सदाशिवराव पेटीपाशी गेले. खिशातल्या छोट्या पेचकसानं झाकण उघडलं. हिरव्या मुठीखालची स्प्रिंग अजून नव्यासारखी चमकत होती. आयुष्यात त्यांनी कधी चालती वस्तू बिघडवली नव्हती. पेन्सिलसुद्धा वाकडी घासली नव्हती. आज त्यांनी स्प्रिंग काढली. ती सदऱ्याच्या खिशात टाकली आणि झाकण लावलं. मूठ आता नुसती ढिली पडली होती. दाबली की आत जाई, पण काहीच होत नसे.

“चला साब,” बद्रीनाथ म्हणाला.

सदाशिवरावांनी पेटीकडं बोट दाखवलं. “ब-बिघडलाय.”

“आं?” आप्पा पुढं झाला. मूठ दाबली, पुन्हा दाबली. “सकाळच्याला तर चालत व्हता! गव्हाला पाणी द्यायचंय मला.”

“मी बघतो ना,” म्हणत बद्रीनाथनं झाकण काढलं. स्प्रिंगची रिकामी जागा त्याला दिसणारच होती, दिसली. त्यानं मान वळवून साहेबांकडं पाहिलं. साहेबांचा हात सदऱ्याच्या खिशावर होता आणि तोंड पांढरं पडलं होतं. बद्रीनाथनं मग लिंबाकडं पाहिलं, म्हातारीकडं, तिच्या हातातल्या उघड्या डबीकडं.  झाकण हळूच परत लावलं.

“पार्ट लागंल, आप्पा,” तो म्हणाला. “तो कंपनीतून यायचा. तवर थेट वायर जोडून मोटार चालवावी लागंल, आन् ते रोज कुणीतरी जाणकारानं येऊन करायला पायजे. मी काय रोज औरंगाबादेहून येणार?”

“मग कुणी करायचं?” आप्पानं विचारलं.

उत्तर सगळ्यांना माहीत होतं. बद्रीनाथ बोलला असता तर निभावलं असतं, पण आप्पा साहेबांकडं बघत होता. कंपनीचा मोठा माणूस काय म्हणतो त्याकडं. सदाशिवरावांनी तोंड उघडलं. वैरी आडवा आला. “प,” ते म्हणाले. “प... प...” मान ताठ झाली, कपाळावर घाम आला. आप्पाच्या ओठांच्या कडेला हसू फुटलं, स्टँडवरच्या बायकांसारखंच. जालन्याची गाडी समोर उभी होती. नुसतं चढून बसलं की सुटका. सदाशिवराव तिथंच उभे राहिले.

“पुं-पुंडलिकला बोलवा,” ते म्हणाले.

आप्पाचं हसू गेलं. त्यानं गव्हाकडं पाहिलं, ओंब्यांकडं पाहिलं, चडफडला. “बोलवा मग,” तो म्हणाला. “पन काम झालं की जाऊ द्या त्याला.”

पुतळाबाई उठली. पदर सावरून बांधाच्या टोकाशी गेली. पहिली हाक घशातच राहिली. दुसरी ओढ्यापलीकडं गेली. “पुंडलिकाऽऽ! आरं, मोटार बिघडलीऽऽ!” एखादी आनंदाची बातमी सांगावी तसा तिचा आवाज लागला होता.

बराच वेळ कुणी आलं नाही. मग पलीकडच्या काठावर पुंडलिक दिसला. तो पळत येत होता. पेटीपाशी आला, पुतळाबाईकडं न बघता झाकण काढायला लागला.

“म्हातारी कशी हाय रं?” पुतळाबाईनं हळूच विचारलं.

“अंथरुणाला खिळलीय. दिवाळीपास्नं.”

“आन् मला सांगितलं नाय?”

“कसं सांगणार मावशी?” पुंडलिकची पाठ तिच्याकडं होती. “तुजी मोटार चालू होती ना.” त्यानं खिशातून डबी काढून मागच्या मागं तिच्या हातात दिली. “ही कवाची भाजून ठेवलीय आयनं. रोज इचारती, पुतळाची मोटार बिघडली का.”

सदाशिवरावांनी मान फिरवली. त्यांना आता ते ऐकवत नव्हतं.

पुंडलिकनं पेटीत पाहिलं. काय झालंय ते त्याला एका नजरेत कळलं असणार, वायरमन होता तो. पण त्यानं विचारलं नाही. म्हणाला, “वायर लागंल. घरी भेंडोळं हाय. जड हाय, एकल्याच्यानं उचलायचं नाय. संगं कुणीतरी यायला पायजे.”

वायरीचं भेंडोळं काही जड नसतं. तिथल्या सगळ्यांनाच ते माहीत होतं.

“मी येते,” पुतळाबाई म्हणाली. घरात जाऊन तिनं ताकाचा तांब्या घेतला आणि आप्पाच्या समोरून बांधावर चढली. आप्पानं काहीतरी बोलण्यासाठी तोंड उघडलं, गव्हाकडं पाहिलं आणि मिटलं. पुंडलिक पुढं, म्हातारी मागं, अशी दोघं ओढ्यात उतरली. पाण्यातून जाताना तिनं तांब्या दोन्ही हातांनी छातीशी धरला होता.

परतीच्या रस्त्यावर देवगाव रंगारी मागं पडलं. मग बद्रीनाथ मान मागं न वळवता म्हणाला, “साब, बैठकीत काय सांगायचं? बाकीचे सगळे तर चालतायत.”

“ते चालू देत,” सदाशिवराव म्हणाले. “हिचा बिघडला, असं सांग.”

“मग आपलं मॉडेल?”

सदाशिवरावांचा हात खिशाकडं गेला. एका बिघडलेल्या पेटीवरून मालक काय ठरवतील ते त्यांना ठाऊक होतं. मुंबईच्या मॉडेलवाल्यांना तेवढं निमित्त पुरे होतं. स्प्रिंग खिशात टोचत होती. त्यांना आपल्या पेटीचा राग आला नव्हता. ती बिचारी जशी केली तशी वागली होती. ज्या बाईला शॉक बसतो तिला ती हवीच होती. फक्त पेटी करणाऱ्यानं हात बघितला आणि हाक ऐकली नाही.

औरंगपुऱ्यात उतरले तेव्हा दिवेलागण झाली होती. जिना चढून ते घरात आले. बोट फिरवलं, चौकोनी बटण लागलं, दिवा लागला. दूध तापवलं, कोमट होऊ दिलं. कप्प्याच्या गाडग्याचं झाकण काढलं. आत नेहमीसारखं पांढरंशुभ्र, घट्ट विरजण होतं. ते बघत ते बराच वेळ उभे राहिले. कुणी न बोलवता, कुणी न येता ते गाडगं कितीही वर्षं असंच चाललं असतं, आणि त्याच्या शेजारी एक दिवस ते मरून पडले असते तरी दही लागलेलंच असतं.

त्यांनी फडताळातून शैलाताईंची वाटी काढली. ओलांडायचा होता तो एक जिना, पण पाय उचलत नव्हता. अनसूयाबाईंच्या दाराशी जाऊन त्यांनी कडी वाजवली.

अनसूयाबाईंनी दार उघडलं. चष्मा कपाळावर सारून त्या बघतच राहिल्या.

“थ-थोडं विरजण हवं होतं,” सदाशिवराव म्हणाले.

“संपलं का हो दही?”

खोटं बोलण्याचा आजचा त्यांचा वाटा संपला होता. “नाही,” ते म्हणाले. “घरात दही आहे. तरी द्या.”

अनसूयाबाईंनी वाटीकडं पाहिलं. ती त्यांनी ओळखली. दार पूर्ण उघडून त्या बाजूला झाल्या आणि म्हणाल्या, “आत या.”